एका मालकानं कौतुक केलं, एकानं तक्रार केली

सांगलीत विश्रामबागला मी घरं भाड्यानं द्यायचं काम करतो. जून लागला की आमच्याकडं नुसती धावपळ असते. वालचंद कॉलेजची पोरं, विलिंग्डनची पोरं, बदली होऊन आलेले सरकारी लोक, मिरजेतल्या दवाखान्यांत नवीन लागलेला स्टाफ, सगळ्यांना एकाच वेळी घर पाहिजे असतं, आणि घरमालक मला एकच विचारतात, माणूस बरा आहे ना? मागच्या जूनमधला एक रविवार मला कायम लक्षात राहणार, कारण माणूस बरा आहे की नाही ते कसं ओळखायचं हे त्या दिवशी फार स्पष्ट दिसलं.

घर एका काकूंचं. विनाअनुदानित शाळेत आयुष्यभर शिकवलं, त्यामुळं पेन्शन नाही, मिस्टर वारले, मुलगा पुण्याला. त्या खाली राहतात आणि वरचा टू बीएचके भाड्यानं देतात, भाडं ११,००० आणि डिपॉझिट ५०,०००. त्या भाड्यावरच त्यांची औषधं, लाईट, किराणा चालतो. म्हणजे इथं भाडेकरू चुकीचा आला तर नुकसान नुसतं पैशाचं नाही, म्हातारपणीची झोपच जाते, आणि म्हणून अशा घरांना मी जरा जास्तच जपतो.

सकाळी पहिली पार्टी आली. पांढरी मोठी गाडी, बायको, एक गोड पोरगं, आल्या आल्या गडी काकूंच्या पाया पडला. देवघर बघून हात जोडले. मग म्हणाला, "काकू, अकरा महिन्याचं भाडं एकदमच देतो बघा. आज टोकन ५,००० ठेवा, बाकीचं सामान टाकलं की त्याच दिवशी. फक्त करार साध्या स्टॅम्पवर करू, ते ऑनलाईन, ठसे-बिसे कशाला, आपण घरचीच माणसं." काकू तर खूषच झाल्या. मला आत बोलावून म्हणाल्या, "संस्कारी माणसं आहेत रे, देऊन टाक."

मी म्हटलं काकू, संध्याकाळपर्यंत थांबा.

मला दोन गोष्टी खटकल्या होत्या. एक, त्यानं घराबद्दल काहीही विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं, मीटर वेगळा आहे का, गाडी कुठं लावायची, काहीच नाही. जो वर्षभर राहणार तो हे विचारतोच. आणि दुसरी म्हणजे नोंदणी नको. लोकांना अजून वाटतं की अकरा महिन्याचा करार असला की नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही ओ! १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मग तो अकरा महिन्याचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. यापेक्षा मोठी अडचण म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरतात, त्या खोट्या आहेत हे मालकानं सिद्ध करत बसायचं. खर्च म्हणाल तर काकूंच्या घराला मुद्रांक शुल्क ४०० आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी जो नको म्हणतो त्याचं कारण पैसे नसतं.

त्याच्याकडून मी आत्ताच्या घरमालकाचा नंबर आणि लाईट बिल मागून घेतलं. बिलाचा फोटो आला पण खालचा अर्धा भाग कापलेला. नंबरवर फोन केला, मी एजंट आहे असं सांगितलंच नाही, म्हटलं "मिरजेतला तुमचा फ्लॅट रिकामा होतोय असं कळलं, भाडं किती?" पलीकडचा माणूस म्हणाला, "कुठला फ्लॅट? राँग नंबर." घरमालकाला स्वतःचा फ्लॅट माहीत नाही असं कधी होतं का, तो त्याचा कुणीतरी मित्र होता. मालकाचा म्हणून दिलेल्या नंबरवर मी नेहमी असाच फोन करतो, खरा मालक लगेच म्हणतो अजून रिकामा नाही किंवा भाडं सांगतो.

बिलाच्या वरच्या भागात १२ आकडी ग्राहक क्रमांक दिसत होता. महावितरणच्या ॲपवर टाकला तर ९,००० च्या वर थकबाकी. नाव भलत्याचंच, म्हणजे खऱ्या मालकाचं. पत्ता होताच, गाडी काढली आणि मिरजेला गेलो.

तिथं जे झालं त्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. बिल्डिंगच्या खालच्या दुकानात विचारलं, त्यांनी मालकाचं घर दाखवलं, मागच्याच गल्लीत. रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा. मी म्हटलं तुमचा भाडेकरू सांगलीत घर बघतोय, कसा माणूस आहे? आजोबा गप्पच बसले. मग म्हणाले, "फार चांगला हाय. घ्या तुम्ही त्याला." मी म्हटलं आजोबा, मी लाईट बिल बघून आलोय. तेव्हा त्यांचे डोळे भरले. पाच महिन्याचं भाडं नाही, करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, तोही संपलेला, घर सोडा म्हटलं की तो म्हणतो भाडं ठरलंच होतं निम्मं, आणि राहायचं ठरलंय पाच वर्षं. माझे हात धरले त्यांनी. "साहेब, पाया पडतो, घेऊन जावा त्याला, मला दुसरा रस्ता न्हाई. कुणीबी विचारलं तर मी चांगलंच सांगणार हाय."

मला त्यांचा राग नाही आला, कसा येणार? पण त्यांची सुटका म्हणजे काकूंच्या गळ्यात तीच धोंड, हे मी करू शकत नव्हतो आणि त्यांना तसं तोंडावर सांगितलं. तासभर बसलो, स्टॅम्प, बँक पासबुकातल्या जमा झालेल्या भाड्याच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर तो भाडं कबूल करतोय ते मेसेज, सगळं एका फाईलला लावायला सांगितलं आणि माझ्या ओळखीच्या वकिलांचा नंबर दिला. पासबुकात सुरुवातीचं पूर्ण भाडं दर महिन्याला दिसत होतं, म्हणजे निम्म्याची गोष्ट तिथंच खोटी पडते. करार नोंदवलेला असता तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे असे वाद बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, अर्ज करून घर परत मागता आलं असतं आणि जेवढे दिवस बसून राहिला तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं लागलं असतं, तीही तरतूद त्याच कायद्यात आहे. आता लांबचा रस्ता.

दुसरी पार्टी दुपारची होती. मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, सोबत बारावी झालेला भाऊ. शामरावनगरला राहते. काकूंनी फोनवरच नाक मुरडलं होतं. लग्न झालेलं नाही, नाईट ड्युटी, रात्री-बेरात्री येणं-जाणं, आणि मग हळूच, "आडनाव काय म्हणालास?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि दर वेळी वाईट वाटतं. मी म्हटलं, काकू, ज्यांचं आडनाव तुम्हाला सकाळी आवडलं त्यांची थकबाकी ऐका आधी. मिरजेचं सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

त्या पोरीनं आल्यावर पहिला प्रश्न काय विचारला माहितीय, "२०१९ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?" मग २०२१ चं विचारलं. मग गच्चीचा उतार बघितला, बाथरूमचे नळ सोडून बघितले, सबमीटर आहे का विचारलं. मला तिथंच बरं वाटलं. पगाराची स्लिप आणि बँकेचं सहा महिन्याचं स्टेटमेंट तिनं स्वतःहून दाखवलं, पगार ३४,०००, भाडं एक तृतीयांशच्या आत बसत होतं, त्याच्यावर गेलं की महिनाअखेरीला ओढाताण होतेच.

तिच्या आत्ताच्या मालकाला फोन लावला तर गडी सुरूच झाला. "लई कटकट ओ तिची! जरा पाऊस पडला की फोन, पाणी आत आलं, भिंतीला ओल आली, वायरिंगला शॉक मारतोय." मी विचारलं भाडं? "भाडं काय, पाच तारखेच्या आत येतं." शेजाऱ्यांची तक्रार? "छे छे." आता शामरावनगरात पावसाचं पाणी साचतं हे अख्ख्या सांगलीला माहीत आहे, म्हणजे घर सोडायचं कारण खरं. आणि ही कटकट म्हणजे काय तर घर खराब होतंय हे वेळेवर सांगणं. तिचा त्याच्याही आधीचा मालक तासगावला, त्यालाही फोन केला. त्याचं तर आता तिच्याशी काही देणंघेणं नाही, त्यामुळं तो कौतुकही उगाच करणार नाही आणि रागही काढणार नाही. तो म्हणाला डिपॉझिटमधला एक रुपया कापला नाही मी. माझ्या मते आत्ताच्या मालकापेक्षा आधीच्या मालकाचा शब्द मोठा, आणि मी तो घेतल्याशिवाय किल्ली देत नाही.

काकूंनी तिला चहा दिला, नाईट ड्युटीचा तक्ता विचारला, तिनं मोबाईलवर दाखवला. मग ठरलं, रात्री उशिरा येणार असेल तर गेटची एक किल्ली तिच्याकडंच.

पांढऱ्या गाडीवाल्याचा संध्याकाळी फोन आला. मी सांगितलं नोंदणीकृत करार, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती आणि आधीच्या दोन मालकांशी बोलणं, एवढं झालं की पुढं बोलू. त्यानं फोन ठेवला. मिरजेच्या आजोबांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे, अजून भांडतायत. त्यांच्यासाठी मनापासून वाईट वाटतं.

काकूंच्या घरी चार दिवसांनी करार नोंदवायला ठशांचं मशीन घेऊन गेलो, दोघींचे ठसे घेतले, मीटर रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो दोघींच्याही मोबाईलवर टाकले. करारात मी आवर्जून एक ओळ घालतो, ५०० च्या आतली दुरुस्ती भाडेकरूची, त्याच्यावरची मालकाची. दुसऱ्याच आठवड्यात किचनचा नळ गळायला लागला, तिनं काकूंना सांगितलं, काकूंनी मला फोन केला, मी प्लंबर पाठवला. ३५० झाले, तिनं दिले.