तुम्ही विचारलंत म्हणून: कार्बोरेटरचा फसलेला स्क्रू कसा काढायचा?

दिवाळीनंतर कापसाचा चुकारा हातात आला की आमच्या फाट्यावर जुन्या मोटरसायकली यायला लागतात. कुणाच्या वडिलांची आरएक्स १००, कुणाच्या मामाची सीडी १००, एखादी येझदी. आणणारा पोरगा विशी-पंचविशीतला, गाडी त्याच्याहून वयानं मोठी. बरेच जण गाडी घरीच ठेवतात आणि नुसतं कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, दुपट्ट्यात गुंडाळून आणतात. "भाऊ, खालच्या वाटीचा इस्क्रू निघूनच नाही राहिला. फुली पार गोल झाली. आता काय करू जी?"

हाच प्रश्न फोनवरही येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. वाटी म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती, आणि फुली म्हणजे स्क्रूच्या डोक्यावरची पेचकस बसायची खाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्क्रू जाम होणं वेगळं आणि फुली जाणं वेगळं. जाम करतो तो पावसाळा. फुली घालवतो आपण, तीही बहुतेक वेळा पहिल्या झटक्यात. नुसता जाम स्क्रू माझ्याकडे आला तर तो चहा होईपर्यंत निघतो. फुली गेलेला आला की अर्धा दिवस गेला समजा. म्हणून माझं खरं उत्तर एवढंच आहे, की पहिला जोर लावायच्या आधी थांबा आणि हातातला पेचकस बघा.

बाजारात चार फुलीचा पेचकस मागितला की जो मिळतो तो फिलिप्स जातीचा. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाची ही फुली, १९३६ च्या कॅडिलॅक गाडीपासून कारखान्यांत रुळली. तिच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की पेचकस आपोआप वर सरकतो. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचं घराणं मात्र जपानी. आरएक्सवर मिकुनीच्या जातीचं मिक्कार्ब कार्बोरेटर, सीडीवर केहिनचं. त्यांचे स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएसचे. फुली दिसायला तशीच, पण फिलिप्सचं टोक त्यात तळाला आधी टेकतं आणि चारही पंख थोडे वरच राहतात. मग पेचकस फुलीच्या फक्त वरच्या काठावर जोर देतो आणि तो काठ सोलून निघतो. स्क्रूच्या डोक्यावर एका बाजूला बारीक ठिपका कोरलेला दिसला तर तो जपानी आहे असं समजा. ठिपका नसला तरी जुन्या जपानी कार्बोरेटरवर तेच गृहीत धरलेलं बरं.

जेआयएसचा पेचकस आता ऑनलाइन मिळतो. तो येईपर्यंत थांबायचं नसेल तर चांगल्या पोलादाच्या दोन नंबरच्या फिलिप्सचं टोक ग्राइंडरवर जरासं, अगदी अर्धा मिलीमीटर, सपाट करा. घासताना पाण्यात बुडवत राहा. टोक निळं पडलं की पोलाद नरम झालं, मग तो पेचकस फक्त रंगाचे डबे उघडायच्या कामाचा.

आता जाम का होतो ते. स्क्रू लोखंडाचा, कार्बोरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं किंवा अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधे ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात जस्त किंवा अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, म्हणून आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखी बसते. त्यात हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी आषाढात उभी केली आणि दसऱ्याला काढली, तर वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब सापडतोच.

आमच्याकडे याच्या जोडीला आणखी एक भानगड असते. गाडी उभी कुठे करतात, तर गोठ्यात. बाजूला बैल, मागे युरियाची पोती. गोमूत्रातून आणि ओल्या युरियातून अमोनिया सुटतो आणि पितळेचा तो वैरी आहे. ही काही माझी कल्पना नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात बंदुकीची काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे आणि त्यांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जायचे. त्याचं कारण अमोनिया आहे हे १९२१ मध्ये उलगडलं. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, पितळेचेच. गोठ्यातल्या गाडीचे जेट हिरवे पडून निघतात ते उगाच नाही. "काहून बे, बैलाशेजारी ठेवली होती काय?" असं मी वाटी उघडताच विचारतो, तेव्हा समोरच्याला वाटतं मी ज्योतिषी आहे.

असो. काढायचं कसं?

पेट्रोल पूर्ण काढून टाका आणि कार्बोरेटर उघड्यावर वाळू द्या. पुढे उष्णता द्यायची आहे, तेव्हा इथे आळस नको. तारेच्या ब्रशनं डोक्याभोवतीची घाण काढा. फुलीत मातीचा कण राहिला तरी पेचकस पूर्ण बसत नाही, म्हणून टाचणीनं ती कोरून घ्या. मग आत शिरणारं तेल सोडा आणि रात्रभर विसरून जा. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं. गंजात शिरणारं वेगळं तेल मिळतं, ते घ्या. काहीच नसेल तर डिझेलही चालतं, फक्त त्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

सकाळी पेचकस फुलीत सरळ उभा धरा आणि त्याच्या मुठीवर छोट्या हातोडीनं दोन-चार हलके ठोके द्या. हा ठोका आट्यांमधली भुकटी फोडतो आणि पेचकसही तळाला बसवतो. कार्बोरेटर या वेळी लाकडाच्या ठोकळ्यावर हवं, व्हाइसमध्ये आवळलेलं नको. जस्ताच्या अंगाला वाकणं माहीत नाही, ते सरळ तडकतं. म्हणूनच इंजिनच्या कव्हरवर वापरतात तो हातोडीच्या घावानं फिरणारा इम्पॅक्ट पेचकस मी कार्बोरेटरजवळ आणू देत नाही. त्यानं स्क्रू निघतो हे खरं, पण कधी कधी कार्बोरेटरचा कान, म्हणजे स्क्रू बसतो तो बाहेर आलेला भाग, सोबत घेऊन निघतो.

ठोक्यानं भागलं नाही तर गरम पाणी. मला सगळ्यात जास्त विश्वास याच उपायावर आहे. अंगणातल्या चुलीवर जुन्या भगोण्यात पाणी उकळा, भगोणं खाली उतरवा, आणि कार्बोरेटर तारेला बांधून दहा-पंधरा मिनिटं त्यात बुडवून ठेवा. तापल्यावर जस्त लोखंडाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. चार मिलीमीटरच्या स्क्रूभोवती उकळत्या पाण्यानं जी जागा सुटते ती जेमतेम पाच मायक्रॉन, केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही. पण चिकटलेली भुकटी तडकायला तेवढं पुरतं. फडक्यात धरून गरम असतानाच फिरवा. आधी जरासा आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या. काम झालं की पंक्चरवाल्याकडे जाऊन हवेनं आतले सगळे मार्ग कोरडे करा, नाहीतर पांढरी भुकटी पुन्हा तयार.

गॅसची बत्ती लावू नका. जस्ताचा हा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळतो आणि बत्तीची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. शिवाय आत पेट्रोलचा वास असतोच. एकाच स्क्रूला उष्णता द्यायची असेल तर टीव्ही दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री मागून आणा आणि तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा. तापू द्या, थंड होऊ द्या, मग फिरवून बघा.

फुली आधीच गेलेली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट फुलीत चिमूटभर घाला. तिच्यातल्या खरखरीत कणांमुळे पेचकस धरतो. जराशीच फुली गेली असेल तर एवढ्यावर निघतो. मोबाईलवर फुलीत रबर बँड घालून दाखवतात ना, ते लाकडातल्या स्क्रूला ठीक असेल. इथे नुसतं रबर चिरडतं. डोकं वर आलेलं असेल तर हॅक्सॉच्या पात्यानं त्यावर सरळ खाच पाडा आणि चपटा पेचकस लावा, किंवा डोक्याच्या कडेवर लहान छन्नी तिरपी ठेवून उलट्या दिशेनं टिचक्या मारा. आमच्याकडचे जुने मिस्त्री छन्नीवरच सगळं करायचे आणि त्यांचा हात खरंच बघण्यासारखा असायचा.

हेही फसलं तर घाबरू नका, डोकं उडवा. लोक यालाच सगळ्यात जास्त भितात आणि खरं तर हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे. वाटीचे स्क्रू बहुतेक चार मिलीमीटरचे. डोक्याच्या बरोबर मध्ये सेंटर पंचचा ठिपका घ्या. आधी बारीक ड्रिल, मग चार मिलीमीटरचं. डोक्याच्या जाडीइतकं खाली गेलं की डोकं अंगठीसारखं ड्रिलवर चढून फिरायला लागतं. तिथेच थांबा. आता वाटी अलगद निघते आणि अंगात स्क्रूचा देठ उभा राहतो. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताणही जातो, त्यामुळे मघाशी हलत नव्हता तोच देठ ग्रिप पक्कडीत धरून पाव चक्कर फिरवला की सुटतो, पुढे कधी कधी बोटांनीही निघतो. हे काम लाईट नक्की राहील अशा वेळेला करा. भारनियमनात ड्रिल अर्ध्यात थांबलं की परत मध्यावर बसवणं कठीण.

देठच तुटून आत राहिला तर बाजारात मिळणारा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घेऊ नका. एवढ्या बारीक मापाचा एक्स्ट्रॅक्टर काचेसारखा तुटतो, आणि तो इतका कडक असतो की त्यावर साधं ड्रिल चालतच नाही. सरळ लेथवाल्याकडे जा. तो मध्य धरून ३.३ चं ड्रिल मारेल आणि चारचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवेल. आटे गेलेच असतील तर पाचचे आटे पाडता येतात, त्याला ड्रिल ४.२ चं.

दोन स्क्रूंना मात्र हात लावायच्या आधी विचार करा. एक म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या फुलपाखरू झडपेचे छोटे स्क्रू. त्यांची मागची टोकं कारखान्यातच ठोकून पसरवलेली असतात. ती घासल्याशिवाय फिरवलं तर मोडतात, आणि परत नीट ठोकली नाहीत तर सुटून थेट इंजिनात जातात. दुसरं म्हणजे पायलट जेट, गाडी संथ चालू असताना पेट्रोल देणारं. ते खोल विहिरीत बसलेलं, पितळ नरम, खाच बारीक. त्याला खाचेच्या लांबीरुंदीत बरोब्बर बसेल असा पेचकस घासून बनवा. सैल पेचकस लावला की खाचेचा एक ओठ तुटतो आणि मग ते जेट कोरून काढण्यात संध्याकाळ जाते.

परत बसवताना बरेच जण ॲलनचे स्टीलचे स्क्रू लावतात. मीही लावतो, काढायला सोपे जातात. पण ॲलनच्या पान्याला पकड चांगली असते आणि आपल्या पोरांचा हात जड. नरम जस्तात लोखंडी जोर लावला की "भाऊ, चुडी गेली", म्हणजे आटे गेले, म्हणत परत माझ्याकडेच येणार. पान्याचा आखूड भाग बोटांत धरून आवळा, तेवढं पुरे. आट्यांना जाम न होण्याचं ग्रीस बोटभर नको, टिपूसभर लावा. आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून वाटीचं पेट्रोल काढून टाका. गोठ्याऐवजी ओसरीत जागा झाली तर आणखी बरं.

"एवढी कटकट कशाला, नवीनच टाकून देतो" असंही काही जण म्हणतात. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन बसलं, त्यामुळे जुन्या मापाचं अस्सल कार्बोरेटर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. नागपूरला जाऊन स्वस्तात आणतात त्यात नकलाही असतात. त्यांच्या जेटवर आकडा एक आणि भोक भलतंच, मग गाडी कधी काळा धूर सोडते तर कधी चढावर दम टाकते. म्हणून अंग तडकलेलं नसेल आणि स्लाइडची, म्हणजे ॲक्सिलरेटरसोबत आत वर-खाली होणाऱ्या भागाची, जागा झिजलेली नसेल, तर जुनंच ठेवा. एका स्क्रूपायी ते भंगारात देऊ नका. द्यायचंच असेल तर माझ्याकडे द्या, मला त्यातले सुटे भाग लागतातच.