दादा म्हणजे बहीण

किलिमांजारो विमानतळाबाहेर आमच्या नावाची पाटी धरून उभा असलेला गाईड हसून म्हणाला, "कारिबू, मामा. कारिबू, दादा." कारिबू म्हणजे या, स्वागत. मामा म्हटलं ते माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आईला, आणि दादा म्हटलं मला, तिच्या मुलीला. आईने वळून पाहिलं, आपल्यामागे कोणी पुरुषमाणसं उभी आहेत का म्हणून.

टांझानियाला जायचं ठरल्यापासून चार महिने मी रोज रात्री अर्धा तास स्वाहिली शिकत होते. त्यामुळे ही नाती कानाला आपली वाटतात आणि निघतात भलतीच, हे मला ठाऊक होतं. मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच. विमानात मी आईला हे सगळं समजावलंही होतं, पण तिची सवय जन्माची. गाडी चालवणारा तो दादा. ती मागच्या सीटवरून हाक मारायची, "दादा, जरा हळू घ्या हं," आणि तो आरशातून माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगायचा, "मामा तुला बोलावतेय." पहिले दोन दिवस आईच्या प्रत्येक हाकेला मीच ओ दिली.

तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात हत्तींची खरी गर्दी जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या महिन्यांत असते, तेव्हा कळपच्या कळप तारांगिरे नदीवर येतात. आम्ही गेलो फेब्रुवारीत, गवत हिरवंगार असताना. मी फारशी आशा धरली नव्हती. बाओबाबची अवाढव्य झाडं बघून आई म्हणाली, "ही तर गोरखचिंच!" आणि ती खरोखर गोरखचिंचच. त्यातल्याच एका झाडाच्या वळणावर गाईडने गाडी एकदम हळू केली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तेंबो."

आईला ऐकू आलं 'थांबा'. तिने माझा दंड घट्ट धरला. "थांबा म्हणतायत. हलू नकोस."

तेंबो म्हणजे हत्ती. पण त्या क्षणी करायचं होतं ते नेमकं आईनेच केलं. झाडाआडून एक हत्तीण रस्त्यावर आली, मागून दुसरी, तिच्या पायांत घोटाळणारं पिल्लू. इंजिन बंद झालं. गाईड बोट किंचित उचलून पुटपुटू लागला, "मोजा... म्बिली... तातू..." एक, दोन, तीन. 'मोजा' म्हणजे एक, पण आईला ती सूचना वाटली आणि तिनेही मोजायला घेतलं. पुढची काही मिनिटं गाडीत पुढच्या सीटवर स्वाहिली आणि मागच्या सीटवर मराठी, दोघं एकाच लयीत हत्ती मोजत होते. बाहेर पायांचा आवाज जवळजवळ नाहीच. एवढी प्रचंड जनावरं इतक्या मऊ पावलांनी चालतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. ऐकू येत होतं ते गवत मुळासकट उपटल्याचं आणि श्वासाचं. एक मोठी हत्तीण आमच्यापासून दहा पावलांवर थांबली. तिने कान पसरले, मान वर केली आणि आमच्याकडे बघत राहिली. तिच्या पापण्यांचे केस मला दिसत होते, लांब, सरळ, खाली झुकलेले. मग तिने कान मिटले आणि ती गेली.

गाईडचे हत्ती तेवीस झाले, आईचे चोवीस. त्याने मान हलवली, तेवीसच. रात्री मी फोटो मोठे करून पाहिले, तर एका हत्तिणीच्या पोटाखाली सावलीत आणखी एक पिल्लू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दाखवलं. त्याने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि दोन्ही हातांनी आईचा हात हातात घेतला.

त्याच दिवशी लांबच्या रस्त्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि आईला विचारलं, "मामा, कुचिंबा दावा?" आईला त्यातला एकच शब्द कळला, दवा. याला बरं वाटत नाहीये, असं समजून तिने पर्स उघडली आणि पॅरासिटामॉलची पट्टी पुढे केली. कुचिंबा दावा म्हणजे शब्दशः औषध खणायला जाणं. झुडपाआड लघवीला जायचं असेल तर टांझानियात असं विचारतात. मला अर्थ माहीत होता, पण सांगायला मी दोन मिनिटं उशीर केला, कारण आई इतक्या काळजीने त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती. अर्थ कळल्यावर तिला तो शब्दप्रयोग फार आवडला. "म्हणजे आपलं परसाकडे जाणं," ती म्हणाली. "चांगल्या घरचा शब्द आहे."

वाटेत म्तो वा म्बू नावाच्या गावात थांबलो. नावाचा अर्थ डासांची नदी. तिथे चित्रं विकणाऱ्याने एका मोठ्या टिंगाटिंगा चित्राची, म्हणजे टांझानियातल्या भडक रंगांच्या शैलीतल्या चित्राची, किंमत सांगितली, "लाकी मोजा." मी मनात शब्द जुळवत होते, तोवर आई म्हणाली, "एक लाख म्हणतोय." अगदी बरोबर! स्वाहिलीत लाखाला लाकीच म्हणतात. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला काचुंबारी. हिंदी महासागरावरून शतकानुशतकं ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर हे शब्द इथे उतरले. चार महिने पुस्तक घेऊन बसले मी, आणि बाजारात भाषा आधी कळली आईला.

सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या तंबूत पोचलो त्या संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने गाईडला स्वाहिलीत विचारलं, "केशो, सा न्गापी?" उद्या किती वाजता? तो म्हणाला, "सा कुमी ना म्बिली." दहा आणि दोन, बारा. उद्या दुपारी निघायचं, सकाळी विश्रांती, असं मी आईला सांगितलं आणि आम्ही निवांत झोपलो. पहाटे अंधारात तंबूबाहेर टॉर्च. अस्कारी, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, आणि त्याच्या मागे गाईड. सहा वाजले होते.

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतं. सकाळी सात म्हणजे पहिला तास, दुपारी बारा म्हणजे सहावा, आणि पहाटेचे सहा म्हणजे बारा. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस-रात्र जवळपास सारखेच, त्यामुळे हा हिशेब चुकत नाही. मी घाईघाईने बूट चढवत आईची माफी मागत होते, पण तिला मुळीच नवल वाटलं नव्हतं. "पंचांगात वार सूर्योदयालाच बदलतो की," ती म्हणाली. "चुकीचं घड्याळ आपल्या हातावर आहे."

त्या सकाळी जे पाहिलं त्यासाठी मी पुन्हा हजार वेळा अंधारात उठेन. न्दुतूच्या आखूड गवताच्या मैदानावर विल्डेबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी रानटी हरणं, विण्यासाठी येतात. न्गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातल्या ज्वालामुखींची राख या मातीत आहे, तिच्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच लागतं. बहुतेक सगळ्या माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात, म्हणजे शिकारी जनावरांनी कितीही खाल्लं तरी बहुतेक पिल्लं उरतात. नजर जाईल तिथवर काळे ठिपके आणि त्यांचं ते घशातलं 'न्यूं, न्यूं'. स्वाहिलीत त्यांचं नाव न्युंबू. नाव त्यांच्या आवाजातूनच आलं असावं, असं मला तिथे उभी असताना वाटलं.

आमच्यासमोर एक न्युंबू व्याली. ओलं, फिकट तपकिरी पिल्लू जमिनीवर पडलं. उठलं, पुढचे पाय दुमडले, तोंडावर पडलं. परत उठलं. आई त्याच्याबरोबर श्वास रोखून धरत होती. चौथ्या वेळी ते उभं राहिलं, आणि पाच-सहा मिनिटांत आईमागे लटपटत धावायलाही लागलं. दूर एक तरस बसून होतं, तेही बघत होतं.

थोडं पुढे गेलो, तर एकटं पिल्लू दिसलं. कळपाची पळापळ झाली की पिल्लं चुकतात. आई आपलं पिल्लू वासाने आणि आवाजाने ओळखते आणि दुसऱ्याचं जवळ घेत नाही. ते पिल्लू एका मादीकडे गेलं, तिने शिंगाने दूर लोटलं. दुसरीकडे गेलं, तिनेही. मग ते आमच्या गाडीकडे आलं. जे काही मोठं आणि हलतं, त्याच्यामागे ती जातात. ते येऊन चाकाच्या सावलीत उभं राहिलं आणि वर माझ्या आईकडे बघून ओरडलं.

"उचलून घ्या ना," आई म्हणाली. मराठीतच. "त्या तिकडच्या कळपात नेऊन सोडा."

गाईडने ते माझ्याकडून समजून घेतलं नाही. गरज नव्हती. जनावराला हात लावायचा नाही, मध्ये पडायचं नाही, हा नियम तो आईला कितीतरी वेळ समजावू शकला असता. त्याने फक्त मागे वळून म्हटलं, "पोले, मामा."

पोले. या शब्दासाठी मी अजून मराठी शब्द शोधते आहे. कुणाला ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, कुणी लांबून थकून आलं, तरी पोले म्हणतात. त्यात माफी मागणं नसतं, चूक कुणाची हे नसतं. तुझ्यावर हे आलंय आणि मला ते दिसतंय, एवढंच असतं.

पाऊण तास आम्ही इंजिन बंद करून बसलो, गाडी हलली तर ते मागे येईल म्हणून. मग एक मोठा कळप जवळून जायला लागला आणि पिल्लू त्याच्यात शिरलं. पुढे काय झालं ते दिसलं नाही. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी शेकोटीपाशी तिने गाईडला पहिल्यांदा म्हटलं, "काका, जेवलात का?" आधी दोनदा मी समजावलं होतं, तेव्हा ती ऐकेना, "माझ्या मुलाच्या वयाचा तो, त्याला काका कसं म्हणू?" त्या रात्री मात्र म्हणाली.

सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर कागदपत्रांसाठी गाईड "नाकुजा" म्हणून निघून गेला. नाकुजा म्हणजे मी येतोय. जाताना येतोय म्हणतो, याचं परदेशी पाहुण्यांना कोडं पडतं म्हणे. आईला कसलं पडणार? "जातो कशाला म्हणेल? येतो म्हणूनच निघायचं असतं."

सेरेंगेटीच्या मध्यावर, सेरोनेरात, गाडीच्या रेडिओवर स्वाहिलीची नुसती खरखर चालली होती, त्यातून "चुई" हा शब्द आईनेच आधी टिपला. बिबट्या! सॉसेज ट्रीच्या फांदीवरून नुसती शेपटी लोंबत होती. चाळीस मिनिटं शेपटी, मग अचानक संपूर्ण बिबट्या, खोडावरून उलटा उतरत, आमच्या गाडीसमोरून गवतात नाहीसा. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराबद्दल मी फार लिहिणार नाही. सहाशे मीटर खोल, २६० चौरस किलोमीटरचा तळ, वरून बघताना छाती दडपते. पण खाली गाड्या फार. काळा गेंडा दिसला, दुर्बिणीत, उन्हाच्या लहरींमध्ये थरथरणारा एक काळा ठिपका. एवढ्या कमी उरलेल्या जनावराला लांबूनच बघावं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

सातव्या दिवशी विमानतळावर त्याने बॅगा उतरवल्या. आईने पर्समधून राजगिऱ्याच्या वड्यांचा शेवटचा पुडा काढून त्याच्या हातात ठेवला.

"आसांते, काका," ती म्हणाली. आसांते म्हणजे धन्यवाद. मग माझ्याकडे वळून, "येते, असं सांग त्याला."

मी सांगायच्या आत तिलाच शब्द आठवला. "नाकुजा."

तो हसला नाही. हात छातीवर ठेवून म्हणाला, "कारिबू तेना, मामा." पुन्हा या.