दसरा ते दिवाळी : बागेची कामे

पुण्यात साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परतीचा पाऊस थांबतो आणि उन्हाचा चटका सुरू होतो. हिवाळी रोपे आणण्याची घाई नेमकी याच दिवसांत होते. माझ्या मते मात्र दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ लावणीपेक्षा मातीचा आणि छाटणीचा आहे.

पावसाळाभर भिजून कुंडीतली माती दबलेली असते, तिच्यातले नत्र बऱ्याच अंशी पाण्याबरोबर निघून गेलेले असते आणि तळाची भोके मुळांनी किंवा गाळाने बुजलेली असतात. ज्या कुंड्यांतली मोसमी झाडे संपली आहेत, त्यांतली माती मी पसरून उन्हात वाळवतो आणि मग तिच्यात चांगले कुजलेले शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि पानांचे खत मिसळतो. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत पानगळ गोळा करण्याचे काम शरदातले असते. आपल्याकडे मात्र बहुतेक झाडे शिशिरात पाने टाकतात, त्यामुळे आता हाताशी येते ते गेल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साठवलेल्या पाचोळ्याचे खत. (तो पाचोळा जाळणाऱ्या सोसायट्या पुढे खताची पोती विकत आणतात, हे मला आजवर उमगलेले नाही.)

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे गुलाबाची छाटणी. पाऊस पूर्ण उघडल्याची खात्री झाल्यावर मेलेल्या, किडक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात. उरलेल्या निरोगी फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) जेमतेम पाव इंच वर, धारदार कात्रीने, किंचित तिरक्या कापाव्यात. काप आतून हिरवट पांढरा दिसला पाहिजे. मधला गाभा तपकिरी असेल, तर आणखी खाली यावे. मग कापावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट ही खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधले त्याची असते, ती कितीही जोमदार दिसली तरी मुळापासून काढावी. ऑक्टोबरअखेर छाटलेल्या गुलाबाला साधारण दीड महिन्याने, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, पहिला बहर येतो.

शेवंतीला आता खतापेक्षा अंधाराची गरज अधिक असते. रात्र लांबत जाते तशी ती कळ्या धरते, त्यामुळे रात्रभर जळणाऱ्या गॅलरीतल्या दिव्याखाली ठेवलेली शेवंती पानांनी भरगच्च होते, पण फुलायला उशीर करते. अशी कुंडी उचलून रात्री अंधार राहील अशा कोपऱ्यात नेणे हाच उपाय आहे.

भाज्यांपैकी टोमॅटो, कोबी आणि फ्लॉवर यांची रोपे आता तयार करता येतात. मेथी केव्हाही टाकावी, ती चार-पाच दिवसांत वर येते. पालक आणि कोथिंबीर मात्र कडक उन्हात नीट उगवत नाहीत, त्यामुळे मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबवतो. धणे हलके रगडून त्यांच्या दोन डाळी वेगळ्या करायच्या, एवढीच त्यांची पूर्वतयारी. गाजर आणि मुळा थेट कुंडीतच पेरावेत, कारण रोप उपटून दुसरीकडे लावले की मुळांना फाटे फुटतात.

वसंताची तयारी म्हणायची तर ती मोगऱ्याची, आणि ती बरीचशी काही न करण्याची आहे. थंडीत मोगऱ्याला विश्रांती लागते. पाणी कमी करत न्यावे, जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून मगच खत आणि भरपूर पाणी द्यावे. म्हणून दिवाळीच्या सुमारास सगळ्या बागेला खत घालताना मोगऱ्याच्या कुंड्या मी वगळतो.