नहेम्याची प्रार्थना आणि लाकडाची मागणी

‘प्रार्थना केली, आता देव बघेल’ म्हणणाऱ्यांनी बायबलमधलं ‘नहेम्या’ हे पुस्तक वाचावं. यरुशलेमचा तट पडल्याची खबर नहेम्या या पर्शियाच्या राजाच्या प्यालेबरदाराला शूशन या राजधानीत किसलेव या हिवाळ्यातल्या यहुदी महिन्यात लागली; राजापुढे विषय निघाला थेट वसंतातल्या नीसानमध्ये. मधले चार महिने नुसत्या उपास-प्रार्थनेत गेले नसावेत. कारण राजा अर्तहशश्तानं ‘काय हवं?’ विचारताच त्यानं मुदत सांगितली, महानदापलीकडच्या (फरात नदीपलीकडच्या) अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली, वनरक्षक आसाफकडून तुळयांसाठी लाकूडही! पोचल्यावर तीन दिवसांनी, कुणाला न सांगता, रात्री मोजकी माणसं घेऊन पाहणी. एके ठिकाणी ढिगाऱ्यातून जनावर पुढे सरकेना. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. ५२ दिवसांत तट पुरा. पण पाचवा अध्याय बहुतेकजण गाळतात: गरिबांची शेतं गहाण पडली, तेव्हा त्यानं सावकारांना भर सभेत शेकडा एक व्याजासकट ती परत करायला लावली.