डर्बीतली केळ आणि 2010चा डिसेंबर

रावेरला काकांना माझ्या केळीचा फोटो पाठवला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "निसवली का गं?" म्हणजे फूल येऊन घड पडायला लागला का. नाही निसवली, आणि निसवली तरी या जातीची फळं खाता येत नाहीत, आत नुसत्या बिया असतात, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग लावतेस कशाला?" ज्यांच्या घरचा वर्षाचा हिशेब केळीच्या बागेवर चालतो त्यांनी असं विचारणं साहजिकच आहे. पण इंग्लंडच्या मधोमध, समुद्रापासून चांगल्याच लांब असलेल्या आमच्या डर्बीत अशी बिनघडाची केळ जिवापाड जपणारी माणसं आहेत. त्यांना केळीकडून काय हवं असतं, ते इथल्या हिवाळ्याने ठरवलं आहे.

इथे नगरपालिका शेतीसाठी जमिनीचे तुकडे वार्षिक भाड्याने देते, त्याला अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण प्लॉट साधारण 250 चौरस मीटरचा असतो, बऱ्याच जणांकडे अर्धा असतो, माझ्याकडेही अर्धाच आहे. बहुतेक लोक बटाटे, कांदे, वाल आणि डेलिया लावतात. पण प्रत्येक अलॉटमेंटवर दोन-चार जण उष्ण देशांतल्या झाडांचे वेडे निघतातच. आमच्या रांगेत केळ आहे, पंख्यासारख्या पानांचा ताड आहे, ऑस्ट्रेलियातला ट्री फर्न आहे, आणि आपण ज्यांच्याकडे वळूनही पाहत नाही ती कर्दळ, अळू आणि सोनटक्काही आहेत. सोनटक्क्याच्या कुळातली एक नारिंगी फुलांची जात इथे मोठ्या प्रेमाने लावतात. ती फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिसंग्राहकाने आसामातून आणलेली आहे. आपला पांढरा, घमघमणारा सोनटक्का मात्र इथे जमिनीत टिकवणं अवघड. त्याला फुलायला जी लांबलचक ऊब लागते ती मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडलेला असतो.

सप्टेंबरात या बागा पाहाव्यात. अळूची पानं हातभर रुंद झालेली असतात, कर्दळ डोक्याच्या वर गेलेली असते. मग एका निरभ्र रात्री दव गोठतं, सकाळी गवत पांढरं दिसतं, आणि दुपारपर्यंत अळूची पानं वडीसाठी वाफवून काढल्यासारखी काळपट, लिबलिबीत होऊन देठांवर लोंबतात. ही पहिली थंडी सगळ्यांना माहीत असते आणि तिचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या थंडीचं, जी दर वर्षी येत नाही.

इथल्या जुन्या माणसांशी बोलताना 2010चा डिसेंबर हटकून निघतो. मध्य इंग्लंडच्या तापमानाची नोंद 1659पासून सलग आहे, जगातली सगळ्यात जुनी. त्या नोंदीत 2010च्या डिसेंबरची सरासरी शून्याच्याही किंचित खाली आहे. शंभर वर्षांत इतका थंड डिसेंबर झाला नव्हता. त्याआधीचा 2009-10चा हिवाळाही कडकच होता, म्हणजे झाडांना सावरायला एकच उन्हाळा मिळाला. लागोपाठच्या या दोन तडाख्यांत देशभर न्यूझीलंडच्या कॉर्डिलाइन, ताडासारखी दिसणारी ती झाडं, जमिनीपर्यंत गेल्या, कॅनरी बेटांचे खजूर मेले. शेजारच्या प्लॉटवरच्या निवृत्त गृहस्थांचा एक खजूर त्यात गेला. तो त्यांनी मुलीच्या जन्माच्या वेळी कुंडीत घेतला होता आणि तोवर त्यांच्या दुप्पट उंचीचा झाला होता. ताडकुळातल्या झाडांना सहसा शेंड्याशी एकच वाढीचा कोंब असतो. मार्चमध्ये त्यांनी शिडी लावून मधलं न उलगडलेलं पान धरलं आणि हलकेच ओढलं. ते सहज हातात आलं. खालचं टोक तपकिरी, सडलेलं, आंबूस वासाचं. तेव्हाच त्यांना कळलं होतं, पण तरी जूनपर्यंत त्यांनी झाड तोडलं नाही.

आज हे गृहस्थ रोप विकत घेताना जे प्रश्न विचारतात ते नव्या माणसाच्या डोक्यातही येत नाहीत. हे मुळातून फुटतं का, की शेंडा गेला की संपलं? खोदून घरात नेता येईल इतकं लहान ठेवता येईल का? मेलं तर त्याच्या जागी पुन्हा घ्यायला परवडेल का? रोपाचं सौंदर्य त्यांना दिसत नाही असं नाही. अमुक झाड किती उणे सोसतं हे पाठ असूनही त्या आकड्यावर ते सगळा भरवसा ठेवत नाहीत, एवढंच. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एक पट्टी आहे, एच1पासून एच7पर्यंत. एच3 म्हणजे उणे 5पर्यंत तग धरणारं झाड, एच5 म्हणजे उणे 15पर्यंत. कॉर्डिलाइन एच3मध्ये येते, चिनी ताड एच5मध्ये. पट्टी उपयोगाची आहे, मीही रोप घेताना ती बघते. पण उणे 5 एका रात्रीपुरतं आलं आणि दुपारी ऊन पडलं, तर झाड सावरतं. तेच उणे 5 दहा दिवस मुक्काम ठोकून बसलं आणि जमीन खोलवर गोठली, तर तेच झाड मरतं. त्यात इथला हिवाळा ओला. ओल्या मातीत कुजून मेलेली झाडं नुसत्या थंडीने मेलेल्यांपेक्षा जास्त असावीत, असं मला वाटतं.

माझ्या मते खरा घोळ थंडीच्या कडकपणापेक्षा तिच्या अनियमितपणात आहे. कॅनडाच्या बहुतेक भागात माणूस केळ बाहेर ठेवण्याचा विचारच करत नाही, कारण तिथे दर वर्षी उत्तर एकच असतं. इंग्लंडात 1963चा जानेवारी येतो, 1982च्या जानेवारीत श्रॉपशरमधल्या न्यूपोर्टला उणे 26.1 नोंदलं जातं, आणि मग कितीतरी वर्षं फारसं काही होत नाही. 2010नंतर पाचच वर्षांनी, 2015चा डिसेंबर त्याच नोंदीतला सगळ्यात उबदार डिसेंबर ठरला, सरासरी साडेनऊ अंशांच्या वर. त्या सुमारास बागकाम सुरू केलेल्यांनी काय पाहिलं? बिनझाकलेली केळ जगलेली पाहिली. कुंडीतला खजूर अंगणातच राहिलेला पाहिला. दर वर्षी त्यांचं धाडस थोडं वाढलं, रोपं थोडी महागडी झाली. 2022 साली तर जुलैत लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंश झाले. ब्रिटनमध्ये तापमान चाळीसच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि बऱ्याच जणांना वाटलं की आता हवामान आपल्या बाजूने आलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या मधल्या आठवड्यांत कडाका पडला आणि स्कॉटलंडच्या ब्रेमारला पारा उणे 17पर्यंत उतरला. आमच्या मिडलँड्समध्येही, म्हणजे मध्य इंग्लंडात, दिवसचे दिवस जमीन मोकळी झाली नाही. त्यानंतरच्या वसंतात आमच्या अलॉटमेंटच्या कंपोस्टच्या ढिगावर मऊ पडलेले केळीचे खांब आणि काळ्या झालेल्या कॉर्डिलाइनचे शेंडे येऊन पडत होते. एक तरुण जोडपं त्या वर्षी प्लॉट सोडून गेलं. त्यांनी मोठ्या आशेने लावलं होतं, मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मोठ्या, नावाजलेल्या बागांनाही हे चुकलेलं नाही. कॉर्नवॉलच्या टोकापलीकडे सिली बेटांवर ट्रेस्कोची बाग आहे, 1834मध्ये ऑगस्टस स्मिथ यांनी बेटांचा ताबा घेतल्यावर उभी राहिलेली. समुद्राच्या उबेमुळे तिथे दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिकोची झाडं उघड्यावर वाढतात. दीडशे वर्षांची ती खात्री 1987च्या जानेवारीतल्या बर्फाने मोडली, बागेचा मोठा भाग गेला. पाठोपाठ 1990च्या वादळात वारा अडवणारी उंच झाडं आडवी झाली. बाग पुन्हा लावली, आज ती पाहायला लोक लांबून जातात. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेत क्रिस्टोफर लॉइड आणि फर्गस गॅरेट या बागकारांनी 1993मध्ये जुनी गुलाबबाग उपटून तिथे केळी-कर्दळींची बाग केली, आणि तिची आखणीच अशी की नाजूक झाडं थंडीआधी उचलायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावायची. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते. तिथे झाड उचलणं हा बागेच्या वर्षाचाच भाग आहे.

आमच्या डर्बीशरमध्ये तर या सगळ्याचा फार जवळचा इतिहास आहे, आणि तो खानदेशच्या माणसाने ऐकावा असा आहे. चॅट्सवर्थ हा डेव्हनशरच्या ड्यूकचा वाडा आमच्यापासून तासाभराच्या आत. तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी 1830च्या दशकात काचघरात एक बुटकी केळ वाढवली, तिला फळं आणली, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगाव जिल्ह्यात आज एकरांनी लावतात ती ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातली. ड्यूकला फळ मिळालं, कारण त्याच्याकडे कोळसा होता. पॅक्स्टननी पुढे तिथे प्रचंड काचघर बांधलं, जमिनीखालच्या भट्ट्यांवर तापणारं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं गारठून गेली, आणि 1920मध्ये ते काचघर पाडून टाकलं. 2022च्या हिवाळ्यात विजेचे-गॅसचे दर चढले तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी आपापल्या छोट्या काचघरातला हीटर बंद ठेवला. तेव्हा मला चॅट्सवर्थची आठवण आली. ऊब विकत घ्यायची ऐपत नसली की केळीकडे फळासाठी बघता येत नाही, पानासाठीच बघावं लागतं.

आणि पान मिळतं. इथे लावतात ती मूसा बास्जू ही चीनमधली जात. तिचा कंद मातीखाली आच्छादन असलं तर बऱ्यापैकी थंडी सोसतो. काकांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. केळीचा खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटं, वाढीचा कोंब सुरुवातीला खाली कंदाशीच असतो, म्हणून खांब गोठला तरी मे महिन्यात कंदातून पुन्हा पान येतं. पण निसवण्याआधी केळीला ठरावीक पानं काढावी लागतात, आणि दर वर्षी जमिनीपासून सुरुवात करणाऱ्या झाडाचा तो हिशेब कधी पुरा होत नाही. फूल पाहायचंच असेल तर खांब वाचवावा लागतो.

तो वाचवण्याची रीत अशी. पहिल्या थंडीने पानं काळी पडली की ती कापायची. खांबाभोवती चार खुंट्या ठोकून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावायची आणि आत कोरडा पेंढा सैलसर भरायचा. वर मात्र पक्कं झाकण हवं, कारण वरून पाणी शिरलं की खांब आतून सडतो. बाजू उघड्या ठेवायच्या. एप्रिलच्या शेवटी पेंढा काढला की खांब अंगठ्याने दाबून बघायचा. जिथे बोट रुततं तिथून धारदार सुरीने चकत्या काढत खाली यायचं, तपकिरी चकती, मग पिवळट, मग घट्ट पांढरी. त्या पांढऱ्या चकतीच्या मधोमध हरभऱ्याएवढा फिकट हिरवा ठिपका दिसला तर खांब जिवंत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं तर तो ठिपका बाकीच्या कापापेक्षा बोटभर वर आलेला असतो. निसवणीचा आनंद मी खानदेशात पाहिला आहे. हा आनंद त्याहून कमी प्रतीचा आहे असं मला वाटत नाही.

तसं पाहिलं तर थंडीची धास्ती खानदेशातही आहेच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीवर चरका येतो, वाढ थांबते, निसवण अडकते. मग रात्री पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा. तिकडच्या फळपीक विम्यात कमी तापमानाचा निकष आहे तो त्यामुळेच. फरक एवढाच की काकांच्या शेतात वाईट हिवाळा म्हणजे पैशाचं नुकसान. आमच्याकडे पैसा तुलनेने थोडा जातो, पण बारा-पंधरा वर्षं वाढवलेलं एखादं झाड जातं, आणि ते पुन्हा मिळायला तेवढीच वर्षं लागतात.

दर सप्टेंबरात शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेली आपली मुलं विचारतात, "ताई, इथे केळीची पानं कुठे मिळतील? घरीच लावली तर?" त्यांना मी सांगते: लावा, पण आत्ता नको, मे संपल्यावर, म्हणजे थंडीआधी मुळांना पाच महिने मिळतील. बास्जूच घ्या. लाल पानांची केळ दिसायला सुरेख असली तरी ती दर हिवाळ्यात खोदून घरात न्यावी लागते आणि तिला मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिल्लं, फुटत नाहीत. ताड हवा असेल तर रॉबर्ट फॉर्च्यून यांच्या नावाचा चिनी ताड घ्या. चीनमधून चहाची रोपं हिमालयात पोचवणारे हेच ते फॉर्च्यून, आणि त्यांनी 1849मध्ये पाठवलेल्या या ताडाने इथले भलेभले हिवाळे पचवले आहेत. जिची किंमत ऐकून पोटात गोळा येईल अशी वस्तू बाहेर जमिनीत लावू नका. आणि कडक हिवाळ्यानंतर काहीही मेल्यासारखं दिसलं तरी जुलैपर्यंत उपटू नका. 2010नंतर कितीतरी कॉर्डिलाइन लोकांनी वसंतातच खणून टाकल्या, आणि ज्यांनी ठेवल्या त्यांच्याकडे उन्हाळ्यात बुंध्यापासून नवे कोंब आले.