साताऱ्याहून पाचगणीपर्यंत: जानेवारीतल्या बागा

शाहूपुरीतल्या आमच्या घरापुढे जेमतेम अर्ध्या गुंठ्याची मोकळी जागा आहे आणि गेली चार वर्षे मी तिला बाग म्हणत आले आहे. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिथे तेरडा, गुलबक्षी, झेंडू आणि शेवंती यांची इतकी दाटी असते की फाटकातून आत येणारा माणूस हमखास थांबून दोन शब्द बोलतो. संक्रांत आली की मात्र तीच जागा सुगी उरकलेल्या शिवारासारखी उघडी पडते. यंदा जानेवारीत माझ्या वहिनी चार दिवस राहायला आल्या. तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवून त्या आता निवृत्त झाल्या आहेत आणि मत विचारले नाही तरी देतात. पायरीवर चहा घेता घेता त्या म्हणाल्या, “वन्सं, तुमच्याकडे फुलं आहेत, पण बाग नाही.” मला ते लागले. ते खरे असल्यामुळे जास्तच लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढली आणि साताऱ्याहून पाचगणीपर्यंत ऐन थंडीत, फुले कमी असतानाच्या दिवसांत, बागा कशाने उभ्या राहतात एवढेच पाहत जायचे ठरवले.

पहिला थांबा महामार्गाजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. बाग पाहायला निघालेल्या माणसाने विहिरीशी का थांबावे, असे मलाही वाटले होते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. ती अष्टकोनी आहे, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद, आणि तिच्या पोटात कोरीव खांबांचा एक छोटा महालच आहे. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी वर सोय आहे. भोवती ३,३०० आंब्यांची आमराई होती आणि हे सारे पाणी तिच्यासाठी होते, असे तिथे सांगतात. काठावर उभे राहून ही मांडणी डोळ्यांपुढे आणली, म्हणजे मोटेचे पाणी कुठे पडणार, पाट कुठून वाहणार, बैल कुठल्या धावेने मागे सरणार हे एकही रोप लावण्याआधी दगडात पक्के झालेले होते, हे लक्षात येते. मी घरी नेमके उलट केले होते. रोपवाटिकेतून रोपे आधी आणली, मग त्यांच्यासाठी जागा शोधली, आणि नळाची तोटी बागेच्या दुसऱ्या टोकाला आहे हे त्यानंतर लक्षात आले.

पाचवड फाट्यावरून वाईकडे वळल्यावर जेवायला आम्ही रस्त्याकडेच्या एका हॉटेलात थांबलो. त्याच्या अंगणात हिरवा हत्ती, हिरवा मोर आणि सोंडेसारखे दिसणारे आणखी काहीतरी होते. कोयनेलची झुडपे तारेच्या सांगाड्यावर चढवून आणि कातरून केलेली ही चित्रे पाहिली की मला लहानपणीची मुंबईची सहल आठवते. मलबार हिलवरच्या १८८१ साली झालेल्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे आपल्या हँगिंग गार्डनमध्ये, मी असेच हिरवे प्राणी पाहिले होते आणि ते रात्री चरायला जातात अशी माझी खात्री होती. झाडाला आकार देण्याची ही हौस पुष्कळ जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी आपल्या पत्रांत स्वतःच्या बागेतल्या कातरून प्राणी केलेल्या झुडपांचे वर्णन करतो. मला स्वतःला हत्ती आवडत नाहीत, निदान झुडपांचे तरी. पण त्यांच्यामागची युक्ती शिकण्यासारखी आहे.

तिथला माळी शिडीवर उभा राहून कुंपणाच्या झुडपांची कातरणी करत होता. फांदीचा शेंडा शाबूत असेल तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्यात तयार होऊन खाली उतरणाऱ्या संप्रेरकाचा तो परिणाम असतो. शेंडा खुडला की हा धाक जातो, खालचे दोन-तीन डोळे फुटतात, त्यांचेही शेंडे खुडले की फांद्या आणखी वाढतात, आणि असे करत करत विरळ झुडपाची भिंत होते. वहिनींनी हे शास्त्र सांगितले, त्यावर माळी म्हणाला, “ते खरं हाय, पर ताई, भिंत वर निमुळती ठिवायची. वर रुंद केली की बुडाला ऊन मिळत न्हाई, मग खालनं बोडकी व्हती.” माझ्या फाटकाजवळच्या मेंदीचे कुंपण गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्यांचे का आहे, हे मला त्या वाक्याने कळले. मी ते वर्षानुवर्षे कपबशीतल्या कपासारखे, वर पसरट आणि खाली अरुंद, कापत आले होते.

त्याच कुंपणात सोनेरी पानांचा ड्युरांटा होता. उन्हाच्या बाजूला तो हळदीसारखा पिवळा होता आणि भिंतीकडच्या सावलीत तोच ड्युरांटा साधा हिरवा झालेला होता. या जातीच्या पानांचा पिवळेपणा भरपूर उन्हातच टिकतो. सावलीत पान हरितद्रव्य वाढवून आपली भूक भागवते आणि रंग जातो. म्हणजे पानांच्या रंगासाठी झाड निवडताना आधी ऊन निवडावे लागते. (याची नारिंगी फळे दिसायला गोड पण विषारी असतात, तेव्हा लहान मुलांच्या घरी ती लोंबू देऊ नयेत.)

वाईत आम्ही फार थांबलो नाही. कृष्णेला नमस्कार करून थेट मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट पाहायला पुष्कळ लोक येतात आणि बहुतेक जण वसईहून आणलेल्या घंटेचे छायाचित्र काढून परततात. आम्ही मात्र पाहत बसलो एक देवचाफा. जानेवारीत त्याचे पान न् पान गळलेले असते. राखाडी, जाड, बोटांसारख्या फांद्या, प्रत्येक फांदी ठरावीक अंतरावर दोनात किंवा तीनात फुटलेली. ही फूट उगाच नसते. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या अगदी टोकाला येतो, त्यामुळे त्या फांदीची वाढ तिथेच संपते आणि फुलोऱ्याखालून नव्या फांद्या निघतात. म्हणून प्रत्येक बेचका म्हणजे पूर्वी कधीतरी येऊन गेलेल्या बहराची खूण असते. हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले, पण आपल्या देवळांनी ते इतके आपलेसे केले आहे की परके म्हणायला जीभ रेटत नाही. दगडी भिंतीपुढे, पानांवाचून, नुसत्या रेषांवर ते उभे होते आणि त्याच्याकडे पाहताना फुलांची आठवणही झाली नाही. उद्यानरचना करणारे ज्याला झाडाचा सांगाडा म्हणतात तो हाच, आणि तो पानगळीतच नीट दिसतो.

जुन्या वाड्यांच्या बांधणीत बागेचे किती घटक आधीच होते, हेही तिथे बसल्यावर जाणवले. आज ज्याला सगळे फोकल पॉइंट म्हणतात, म्हणजे कुठूनही पाहिले तरी नजर जिथे जाऊन ठरते ती जागा, ती आपल्याकडे चौकातल्या तुळशी वृंदावनाने कधीच पटकावलेली आहे. पर्गोला म्हणजे जाईजुईचा मांडव. झाडाभोवतीचे बसायचे कट्टे म्हणजे पार. हल्ली फरक इतकाच झाला आहे की नव्या बंगल्यांत खोडाला अगदी चिकटवून फरशी घालतात आणि मग झाड वाळले की खताला दोष देतात.

पसरणी घाट चढून वर गेलो तेव्हा चार वाजून गेले होते. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि गावात शिरताच नजर आपोआप वर जाते, कारण सिल्व्हर ओक. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याने हे गाव वसवताना परदेशी झाडे लावली, त्यांत सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया यांची नावे नेहमी घेतली जातात. सिल्व्हर ओक मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियातला. नाव ओक असले तरी ओकशी त्याचे काही नाते नाही. सरळ खोड, नेच्यासारखी चिरलेली पाने आणि पानांची खालची बाजू रुपेरी. वारा सुटला की सगळे झाड उलटे होऊन चमकते. घरापुढे उभी रेघ हवी असेल तर असे झाड उपयोगी पडते, पण माझ्या अर्ध्या गुंठ्यात ते लावणे म्हणजे देवघरात दीपमाळ उभारण्यासारखे झाले असते.

आमचा मुक्काम वहिनींच्या एका जुन्या मैत्रिणीच्या बंगल्यात होता, आणि या प्रवासातली सर्वांत चांगली शिकवणी मला त्या बंगल्याच्या कुंपणाशी मिळाली. तिथे पॉइन्सेटियाची पुरुषभर उंचीची रांग होती, शेंड्याशेंड्यावर लालभडक. एकच झुडूप मात्र अर्धे लाल आणि अर्धे हिरवे होते. माळीदादा म्हणाले, “तिथं रस्त्याचा दिवा लागतो न्हवं रातभर, त्या अंगाला लाल व्हतच न्हाई.” कारण वहिनींनी सांगितले. पॉइन्सेटिया मूळचे मेक्सिकोचे आणि ते रात्र मोजते. सलग कित्येक आठवडे रोज बारा तासांहून मोठा अखंड अंधार मिळाला तरच त्याला कळ्या येतात आणि कळ्यांखालची पाने लाल होतात. मध्ये दिव्याचा उजेड पडला की त्याच्या लेखी ती रात्र मोडते.

होय, पानेच. ज्याला आपण पॉइन्सेटियाचे फूल म्हणतो ती पाने आहेत. वनस्पतिशास्त्रात फुलाखालच्या अशा पानाला छद म्हणतात. खरी फुले मधोमध हिरव्या-पिवळ्या मण्यांसारखी, इतकी बारीक की वहिनींनी माझ्या हातात भिंग दिले तेव्हा ती नीट दिसली. बंगल्याच्या छपरावर चढलेली बोगनवेलही तशीच: जांभळे कागदी तीन छद आणि प्रत्येकावर एक पांढरट नळीसारखे खरे फूल. फिलिबेर कोमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती ब्राझीलमध्ये टिपली, ती बोगनविल या दर्यावर्द्याच्या १७६६ ते १७६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत, आणि त्याचेच नाव तिला दिले गेले. त्या जहाजावर पुरुषवेषात आलेली जान बारे कोमेर्सोंची मदतनीस होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री. बोगनविलचा ‘विल’ आपल्याकडे येऊन ‘वेल’ झाला, आणि झाड खरोखरच वेल निघाले, याचे मला फार कौतुक वाटते.

बंगल्याच्या मागे, न्हाणीघराच्या सांडपाण्यावर, कर्दळ होती. ती आपल्याकडे घरोघर तिथेच असते. तिच्याही रुंद, रंगीत ‘पाकळ्या’ पाकळ्या नसून पसरट झालेले वांझ पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या अरुंद असून मागे लपलेल्या असतात. एवढे ऐकल्यावर माझा सगळ्याच फुलांवरचा विश्वास उडाला. पण यात मोठा व्यवहार आहे. परागीभवनाचे काम झाले की पाकळी दोन-चार दिवसांत गळते, कारण तिचे काम संपलेले असते. छद पानाच्या जातीचा, म्हणून तो आठवडेच्या आठवडे रंग धरून राहतो. पाचगणी जानेवारीत रंगीत दिसते ती या उसन्या पाकळ्यांवर, आणि माझ्या अंगणात झेंडू आणि शेवंती संपली की काहीच उरत नाही.

परतताना वाईजवळच्या एका रोपवाटिकेत मी माझे जुने गाऱ्हाणे मांडले. दोन वर्षांपूर्वी मी दारावर दोन इंची पाइपाची कमान करून घेतली आणि तिच्या पायथ्याशी कृष्णकमळ लावले. ते आजवर जमिनीवरच सरपटते आहे. दुकानातला मुलगा हसला. कृष्णकमळ तणाव्यांनी चढते आणि तणाव्याला वेटोळे घालता येईल एवढी बारीक दोरी किंवा तार लागते. जाड पाइपाला त्याची मिठी पुरत नाही. बोगनवेलीला तणावे नसतात, ती काटे अडकवत अंग टाकते, म्हणून तिला मजबूत आधारावर बांधून घ्यावे लागते. भिंतीवर आपल्या मुळांनी चिकटणाऱ्या वेलींना तर कमानीची गरजच नाही. म्हणजे कमान आधी आणि वेल नंतर असे न करता, वेल कशी चढते ते पाहून कमान करायची होती. कमान करणाऱ्या कारागिराला मी दोन वर्षे मनातल्या मनात दोष देत होते, तो मागे घेतला.

घरी आल्यावर पहिल्यांदा कमानीवर सुतळीची जाळी बांधली. बंगल्यावरून आणलेल्या पॉइन्सेटियाच्या तीन कांड्या, चीक गळून जाऊ देऊन, घराच्या मागच्या अंगाला लावल्या, कारण पुढच्या बाजूला नगरपालिकेचा दिवा पहाटेपर्यंत जळतो. मेंदीचे कुंपण बुडापासून हातभरावर छाटून टाकले. सध्या ते फार केविलवाणे दिसते आणि येणारा-जाणारा विचारतो. बोगनवेलीचे आळे मोडले आणि तिचे पाणी जवळजवळ बंद केले, कारण पाण्याचा थोडा ताण बसल्याखेरीज ती नुसती पाने वाढवत राहते. शेजारच्या काकूंना हे पटलेले नाही. मी बाजारात गेले की त्या कुंपणावरून पाइप घालून तिला पाणी देतात, आणि बोगनवेल हिरवीगार आहे.