भंडारदऱ्याचे काजवे: शनिवारी जाऊ नका, नवी लेन्स घेऊन तर मुळीच नाही

काजव्यांनी लगडलेल्या झाडाचा जो फोटो दर मे महिन्यात तुमच्या मोबाइलवर येतो, तसं झाड कुणालाही डोळ्यांनी दिसत नाही. शंभर-दोनशे फ्रेम एकमेकींवर चढवल्या की तो फोटो तयार होतो. त्यात गैर काही नाही, मीसुद्धा तसेच फोटो करते. पण तोच फोटो सहलीच्या जाहिरातीत छापून खाली ‘प्रत्यक्ष पाहा’ असं लिहिणं ही सरळ फसवणूक आहे. भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलेल्या आमच्या सहलीच्या बसमधल्या एक काकू रात्री नऊच्या सुमारास झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, “एवढेच का हो?” झाडावर काजवे भरपूर होते. जाहिरातीतल्या फोटोमुळे त्यांना ते कमी वाटले आणि त्या निराश होऊन बसमध्ये जाऊन बसल्या. याचा मला अजून राग येतो.

‘फोटोग्राफी स्पेशल’ असं नाव लावून ही सहल विकली होती. माणशी साडेतीन हजार, त्यात पुण्याहून बस, एक रात्रीचा तंबू, जेवण, ‘तज्ज्ञांचं मार्गदर्शन’ आणि ‘खास लोकेशन’. खास लोकेशन म्हणजे पांजरे ते उडदावणे रस्त्याच्या कडेचं एक झाड, जिथे बाकीच्या सगळ्या बसही थांबत होत्या. तज्ज्ञांनी सगळ्यांना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवायला सांगितलं. वर ट्रायपॉडवाल्यांकडून पाचशे रुपये ‘कॅमेरा चार्ज’ म्हणून वेगळे काढले. पावती मागितली तर “ताई, नंतर देतो.” ती आजवर आलेली नाही. वनविभागाच्या नाक्यावर जे काही शुल्क पडतं त्याची छापील पावती मिळते. बाकी कुणीही, कुठल्याही नावाने पैसे मागितले तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. कॅमेऱ्यासाठी पैसे घ्यायचा अधिकार सहल काढणाऱ्याला नाही.

आता त्या रस्त्याबद्दल. शेंडी गाव सोडून भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या उत्तरेने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जाणारा हा रस्ता अरुंद आहे. समोरासमोर दोन बस आल्या की एकीला मागे जावं लागतं. शनिवारी संध्याकाळी त्यावर मुंबई, नाशिक आणि पुण्याच्या गाड्या एकदम उतरतात. अंधार पडायच्या आत रांग लागली आणि काजवे चमकायला लागले तेव्हा त्या रांगेचे सगळे दिवे झाडांवर पडलेले होते. कुणी अप्पर मारतोय, कुणी मोबाइलचा टॉर्च फांद्यांवर फिरवतोय, एक जण तर फ्लॅश लावून काजव्यांचे फोटो काढत होता. आमच्यासमोरचं झाड, जे सुरुवातीला लयीत लुकलुकत होतं, ते हळूहळू विझत गेलं. मी ट्रायपॉड लावून उभी होते आणि प्रत्येक तीस सेकंदांच्या फ्रेममध्ये कुठल्या ना कुठल्या गाडीचा पांढरा पट्टा येत होता. त्या रात्रीची एकही फ्रेम कामाची निघाली नाही.

फोटो वाया गेले हे दुःख लहान आहे. काजव्याचा नर उडत चमकतो आणि मादी गवतात किंवा झुडपात बसून त्याला उत्तर देते. एकमेकांचा तो मिणमिणता उजेड दिसला नाही तर जोडी जमत नाही. अळी म्हणून हा जीव कित्येक महिने मातीत गोगलगायी आणि गांडुळं खात वाढतो, आणि पंख फुटल्यावर त्याला मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. वळवाचे पहिले सपके पडल्यापासून मोठा पाऊस लागेपर्यंतचे. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचे शनिवार-रविवार आपण हेडलाइटने जाळले तर त्यांच्या हंगामातल्या चांगल्या रात्रींपैकी मोठा भाग आपणच खाल्ला. गावातले एक वयस्कर बाबा रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करून हात जोडून सांगत होते, “दिवा बंद करा हो, त्यांना दिसत नाही.” बहुतेकांनी काच खाली केली नाही.

म्हणून पहिला निकाल: शनिवारी जाऊ नका. रविवारी रात्री गर्दी परतलेली असते, सोमवार ते गुरुवार तर रस्ता मोकळा असतो. सुट्टी मिळत नसेल तर त्या वर्षी जाऊ नका. पंचांग उघडून कृष्ण पक्षाचा दुसरा अर्धा पाहा. अमावस्याच हवी असं नाही. अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि आपल्याला हवे असतात ते रात्री आठ ते साडेदहाचे तास. पौर्णिमेच्या आसपास जो कुणी ‘काजवा स्पेशल’ विकत असेल त्याला काजव्यांचं काहीही कळत नाही.

दुसरा निकाल: बसने जाऊ नका, गावात राहा. आम्ही तिघांनी सकाळी बस सोडून दिली, बाकीचे पुण्याला गेले. गावातल्याच एका घरी राहण्याची सोय झाली. माणशी आठशे रुपये, दोन वेळचं जेवण धरून. दिवसभर सांदण दरी आणि रंधा धबधबा पाहिले, दोन्ही छान आहेत, त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच. संध्याकाळी त्या घरचा मोठा मुलगा आम्हाला रस्त्यापासून लांब, ओढ्यापलीकडच्या हिरड्या-बेहड्यांच्या राईत घेऊन गेला. अर्ध्या तासाची चाल, पण शेवटची उतरण वाईट आहे. वळवाच्या सरीने माती लोण्यासारखी होते आणि खालच्या कातळावर शेवाळ नसूनही पाय टिकत नाही. पाठीवर कॅमेरा, हातात ट्रायपॉड असा प्रकार इथे करू नका. ट्रायपॉड बॅगेला बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा आणि ही उतरण उजेड असतानाच उतरा. घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच, या दिवसांत फुरसं हा विषारी साप बाहेर पडतो. चपला घालून आलेल्यांना वाटाड्याने न्यायला नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नका.

राईत आम्ही उजेडी पोचलो. आठ वाजले आणि आधी गवतात दोन-चार, मग एका सादड्याच्या खालच्या फांदीवर, आणि मग सगळं झाड एका ठोक्यात लागायला लागलं. लागलं, विझलं, लागलं, विझलं. शेजारच्या जांभळीने ती लय उचलली आणि लाट झाडाझाडांवरून ओढ्याकडे सरकत गेली. हे एका फोटोत येत नाही, शंभर फ्रेमच्या फोटोत तर मुळीच येत नाही, कारण तिथे लयच पुसली जाते. पहिला पाऊण तास कॅमेऱ्याकडे न बघता नुसतं बघत बसा. रिमोट लावलेला कॅमेरा आपलं काम आपण करतो.

आता कॅमेऱ्याचं. आमच्यात यावरून जेवताना बरंच वाजलं, कारण एकाने याच सहलीसाठी एफ १.४ ची, म्हणजे खूप प्रकाश आत घेणारी लेन्स घेतली होती. माझं म्हणणं तेव्हाही होतं, आताही आहे: गरज नाही. काजव्याची एक चमक सेकंदाचा काही भाग टिकते. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं काय किंवा तीस सेकंद, एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येतो. वेळ वाढवला की ठिपके संख्येने वाढतात आणि मागचं आकाश उजळतं, एवढंच. ठिपक्याचा उजळपणा ठरतो अॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओवर. एफ १.८ आत घेते तो प्रकाश कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ३.५ च्या जवळजवळ चौपट. म्हणजे पन्नास एमएमची स्वस्त एफ १.८ जे आयएसओ ८०० वर देते, ते किट लेन्स ३२०० वर देते, थोड्या जास्त नॉइजसकट (फोटोतला दाणेदारपणा). एफ १.४ घेऊन त्यावर दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश मिळतो आणि किंमत कित्येक पटींनी चढते. क्रॉप (आकाराने छोट्या) सेन्सरवर पन्नास एमएम थोडी लांबची पडते, पण राईत मागे सरकायला जागा असते. पैसे खर्चायचेच असतील तर न हलणाऱ्या ट्रायपॉडवर आणि जादा बॅटरीवर खर्चा.

मी वापरलेलं असं: एफ १.८, आयएसओ १६००, तीस सेकंद, दोन फ्रेमच्या मधे एक सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ४००० केल्विनवर पक्का, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकस अंधार पडायच्या आत झाडाच्या खोडावर करून घ्यायचा, मॅन्युअलवर टाकायचा आणि रिंगला चिकटपट्टी मारायची. साडेसातच्या सुमारास निळसर उजेडात कमी आयएसओवर एक स्वच्छ फ्रेम घ्या, झाडाचा आणि डोंगराचा आकार त्यातून येतो. त्यानंतर ट्रायपॉडला कुणाचा पायही लागता कामा नये. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. स्टॅबिलायझेशन बंद. घरी आल्यावर लाइटन मोडमध्ये (प्रत्येक जागचा सर्वांत उजळ ठिपका राखून) फ्रेम एकमेकींवर चढवायच्या, स्टारस्टॅक्स हे फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. शंभर फ्रेम म्हणजे पन्नास मिनिटं, तेवढं पुष्कळ झालं. त्यापुढे झाड पिवळ्या भुशाने माखल्यासारखं दिसतं आणि फोटो खोटा वाटायला लागतो. मोबाइलवाल्यांनी नाइट मोडच्या भरवशावर राहू नये. तो अनेक फ्रेमची सरासरी काढतो आणि क्षणभर चमकलेला ठिपका त्यात फिका पडतो. प्रो मोड आणि छोटा ट्रायपॉड असेल तर काहीतरी हाती लागतं.

उजेडाच्या बाबतीत मात्र कुणाला सूट नाही. ऑटोफोकसचा मदतीचा दिवा बंद करा. स्क्रीन सर्वांत मंद ठेवा, फोटो निघाल्यावर दिसणारा प्रिव्ह्यू बंद. मेमरी कार्डाच्या लाल दिव्यावर काळी पट्टी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा आणि तो पायाखालीच मारा. गाडी राईपासून लांब लावा. रिमोटने गाडी उघडली की चारही इंडिकेटर लागतात, तेव्हा लागेल ते सामान आधीच काढून घ्या आणि किल्ली बॅगेत टाका. काही नव्या गाड्यांचे पुढचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत विझत नाहीत, तिथे इंजिनच बंद करा, एसीशिवाय जीव जात नाही. एसीवरून आठवलं, पोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करून काचा खाली करा. थंड लेन्स बाहेरच्या दमट हवेत आली की काचेवर धुकं धरतं आणि ते पुसताना फोकस हलतो.

काजवे धरून बाटलीत भरून फोटो काढणारे त्या शनिवारी दिसले. असा फोटो कुणी दाखवला तर कौतुक करू नका, तोंडावर सांगा. झाडाखालचं गवत तुडवत पुढे जाणाऱ्यांनाही सांगा, मादी तिथेच बसलेली असते.

मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा घाट, इगतपुरी, घोटी असं यावं आणि पेट्रोल घोटीलाच भरावं. पुण्याकडून संगमनेर-अकोले रस्ता बरा आहे, फक्त अंधारात नवखा ड्रायव्हर नको. जलाशयाच्या पुढच्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पैसे रोख न्या आणि राहण्याचं आधी फोनवर पक्कं करून निघा. नाक्यावरून रात्री किती वाजेपर्यंत सोडतात हे दरवर्षी बदलतं, ते वनविभागाकडूनच विचारून घ्या, सहल विकणाऱ्याकडून नको. वाटाड्याचे पैसे ठरलेल्यापेक्षा कमी करू नका. आम्ही तिघांत मिळून सहाशे दिले, आणि साडेतीन हजारांच्या त्या बसपेक्षा हे सहाशे कितीतरी चांगले गेले.